नोकरी बदलावी की थांबावे: अध्यापन-संशोधनाच्या पहिल्या वर्षांतील निर्णय

पीएचडी पूर्ण करून विद्यापीठात किंवा महाविद्यालयात रुजू झालेल्या तरुण प्राध्यापकापुढे पहिल्या पाच-सात वर्षांत कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतो, की आहे तिथेच राहावे की दुसरीकडे जावे. अन्य बऱ्याच क्षेत्रांत नवी नोकरी मानवली नाही तर काही महिन्यांत तिसरी शोधता येते. अध्यापन-संशोधनात तसे सहसा होत नाही. एखाद्या उपविषयातल्या जागा वर्षाकाठी मोजक्याच निघतात, अर्ज केल्यापासून रुजू होईपर्यंत पुष्कळदा जवळजवळ वर्ष जाते, आणि ज्या काळात हा प्रश्न छळतो नेमक्या त्याच काळात स्वतःचे संशोधन मार्गदर्शकाच्या छायेतून बाहेर पडून आकार घेत असते. चुकीच्या कारणाने गेलेल्याचे नुकसान लगेच दिसते. योग्य कारण असूनही केवळ धास्तीने थांबलेल्याचे नुकसान मात्र अनेक वर्षांनी लक्षात येते, आणि म्हणूनच मला ते अधिक गंभीर वाटते.

कोणती संस्था मोठी, कोणाचे नाव अधिक, हा विचार मनात येणारच. पण निर्णय त्यावर घेऊ नये. जे काम आपल्याला पुढच्या तीन वर्षांत करायचे आहे ते कोणत्या ठिकाणी प्रत्यक्ष हातून होईल, हा खरा प्रश्न आहे, आणि खाली सुचवलेली सर्व तपासणी त्याच एका प्रश्नासाठी आहे.

कारण लिहून काढावे

सर्वप्रथम, आपल्याला का जावेसे वाटते ते एका वाक्यात लिहावे. हे वाटते तितके सोपे नाही. ‘इथे वातावरण चांगले नाही’ हे कारण होत नाही, कारण त्यावरून नव्या ठिकाणी नेमके काय शोधायचे ते कळत नाही. ‘मला दर सत्रात तीन वेगवेगळे विषय शिकवावे लागतात आणि त्यांतला एकही माझ्या संशोधनाजवळचा नाही’ हे कारण आहे. वाक्य असे नेमके झाले की पुढचा प्रश्न विचारावा: संस्था बदलली तर ही गोष्ट बदलेल का?

तरुण संशोधकाचे बरेचसे दुःख त्याच्याबरोबर प्रवास करते. शोधनिबंध परत येणे, समीक्षकांचे कठोर अभिप्राय, एकट्याने लिहीत बसण्याचा शीण, पीएचडीच्या विषयातून नव्या विषयाकडे वळताना वाटणारी अनिश्चितता, हे सर्व कोणत्याही संस्थेत तसेच राहील. याउलट शिकवण्याच्या विषयांची संख्या, प्रयोगशाळेची जागा, विभागातल्या ज्येष्ठांचे वागणे, प्रशासकीय कामाची वाटणी, आपल्या विषयात रस असलेला एक तरी सहकारी असणे किंवा नसणे, या गोष्टी संस्थेनुसार खरोखर बदलतात. कारणांच्या यादीत पहिल्या प्रकारची भर अधिक असेल तर नोकरी बदलल्याने फारसा फरक पडणार नाही, उलट नव्या जागी बसण्याचा त्रास त्यात मिसळेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या आधारावर हा निर्णय शक्यतो घेऊ नये. नवीन विषय पहिल्यांदा शिकवताना प्रत्येक तासिकेमागे तयारीचे कितीतरी तास जातात. दुसऱ्या वेळी ते निम्म्यावर येऊ शकतात आणि तिसऱ्या वेळी आणखी कमी होतात. पहिल्या वर्षी जी ओढाताण होते तिचा मोठा भाग संस्थेमुळे नसून नवखेपणामुळे असतो, आणि नवी नोकरी घेतली की तो नवखेपणा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एकच विषय दोनदा शिकवून होईपर्यंत थांबले तर आपण संस्थेचे मोजमाप करतो आहोत की सुरुवातीच्या थकव्याचे, ते कळू लागते.

याला ठाम अपवाद आहेत. छळ किंवा लैंगिक गैरवर्तन, ठरलेला पगार वेळेवर न मिळणे, ज्याने काम केले नाही अशा व्यक्तीचे नाव लेखक म्हणून घालण्याचा दबाव, आकडेवारीत फेरफार करण्याची सूचना, यांपैकी काहीही घडत असेल तर थांबण्याचा हा सल्ला लागू होत नाही. अशा वेळी घडलेल्या गोष्टींची तारखेसह नोंद ठेवावी, पत्रव्यवहाराच्या प्रती नियमात बसेल त्या रीतीने जपाव्यात, संस्थेबाहेरच्या विश्वासू ज्येष्ठाशी बोलावे आणि बाहेर पडण्याची तयारी लगेच सुरू करावी. इथे संशोधनाच्या नफ्यातोट्याचा हिशेब मांडत बसण्याची गरज नाही.

आठवड्याचा हिशेब

सत्राच्या मध्यावर, म्हणजे सुट्टी नाही आणि परीक्षांची धांदलही नाही अशा काळात, सलग चार आठवडे आपला वेळ लिहून ठेवावा. प्रत्यक्ष तासिका, त्यांची तयारी, उत्तरपत्रिका आणि गृहपाठ तपासणे, विद्यार्थ्यांना दिलेला वेळ, समित्या आणि बैठका, अहवाल व अर्ज भरणे, आणि शेवटी स्वतःचे वाचन, प्रयोग व लेखन. दिवसाअखेरी पाच मिनिटांत एवढे लिहून होते. मला वाटते, या संपूर्ण निर्णयात एवढा उपयोगी दुसरा कागद नसतो, कारण आपला वेळ कुठे जातो याविषयीची आपली समजूत आणि प्रत्यक्ष नोंद यांत मोठे अंतर निघते. ज्याला वाटत असते की शिकवण्यामुळे लिहायला वेळ उरत नाही, त्याला कधीकधी दिसते की तासिका बेताच्या आहेत, पण त्या आठवड्याच्या पाचही दिवसांत विखुरलेल्या असल्यामुळे सलग तीन तास एकदाही मिळत नाहीत.

या नोंदीतून आणखी एक गोष्ट समजते. अध्यापनाचा भार मोजताना सर्वजण आठवड्याचे तास सांगतात, पण तेवढ्याने ओझे कळत नाही. एकाच विषयाच्या दोन तुकड्या शिकवणे आणि दोन वेगळे विषय शिकवणे, यांत तास सारखे असले तरी तयारीचा फरक दुपटीजवळ जातो. तेच विषय पुढच्या वर्षी परत मिळणार की दरवर्षी नवीन गळ्यात पडणार, यावर तर पहिल्या पाच वर्षांतले संशोधन बरेचसे अवलंबून असते. म्हणून आपल्या सध्याच्या आणि संभाव्य नोकरीची तुलना करताना वेगळ्या विषयांची संख्या, त्यांची पुनरावृत्ती, विद्यार्थीसंख्या आणि उत्तरपत्रिका तपासायला कोणाची मदत मिळते का, हे चार तपशील तासांच्या बरोबरीने लिहावेत.

हिशेब हातात आल्यावर दुसरीकडे अर्ज करण्याआधी तो घेऊन आपल्या विभागप्रमुखांकडे जावे. अनेक तरुण सहकारी ही पायरी गाळतात, कारण मागणे म्हणजे तक्रार करणे असे त्यांना वाटते. पण ‘माझ्यावर फार भार आहे’ असे मोघम न सांगता ‘पुढच्या सत्रात माझ्या तासिका तीन दिवसांत बसवता येतील का’, ‘हाच विषय मला आणखी दोन वर्षे ठेवता येईल का’, ‘या दोन समित्यांपैकी एक कमी करता येईल का’ असे नेमके विचारले तर पुष्कळदा काहीतरी मिळते. बोलणे झाल्यावर त्याचा सारांश नम्रपणे ईमेलने कळवावा, म्हणजे काय ठरले याविषयी पुढे घोळ होत नाही. एक सत्र वाट पाहूनही काहीच हलले नाही, तर तेही उत्तरच आहे, आणि मग जाण्याचा विचार रागातून न येता माहितीतून येतो.

घड्याळ आणि करार

सुरुवातीच्या वर्षांत अनेक घड्याळे, म्हणजे वेगवेगळ्या मुदती, एकाच वेळी चालू असतात, आणि नोकरी बदलली की त्यांपैकी काही पुन्हा शून्यावर येतात तर काही तशीच पुढे चालतात. देशादेशांत नियम वेगळे आहेत. अमेरिकेत अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स आणि असोसिएशन ऑफ अमेरिकन कॉलेजेस यांनी १९४० साली केलेल्या निवेदनात परिवीक्षेचा, म्हणजे कायम होण्याआधीचा, काळ ७ वर्षांहून अधिक नसावा असे म्हटले आहे. त्याच निवेदनात अशीही तरतूद आहे की, ३ वर्षांहून अधिक सेवा झालेला प्राध्यापक दुसऱ्या संस्थेत गेला तर तिथे ४ वर्षांपर्यंतची नवी परिवीक्षा लेखी ठरवता येते, मग त्यामुळे एकूण काळ ७ वर्षांपलीकडे गेला तरी चालते. तिथे जाणाऱ्याने म्हणून आधीची किती वर्षे धरली जाणार आणि आधी छापून आलेले शोधनिबंध कायम नेमणुकीच्या वेळी मोजले जाणार की नाही, हे विचारणे आवश्यक आहे. अधिक वर्षे धरून घेणे नेहमीच फायद्याचे असते असेही नाही. प्रयोगशाळा उभारायला वर्ष जाणार असेल तर घड्याळ उशिरा सुरू झालेले बरे.

जर्मनीत २००७ साली आलेल्या कायद्याने मुदतीच्या वैज्ञानिक नेमणुकांना पीएचडीआधी ६ आणि पीएचडीनंतर ६ वर्षे अशी सर्वसाधारण मर्यादा घातली, वैद्यकशास्त्रासाठी पीएचडीनंतरची मर्यादा ९ वर्षे ठेवली. अशा व्यवस्थेत एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेल्याने मर्यादा नव्याने सुरू होत नाही, त्यामुळे दोन वर्षांचा आणखी एक करार स्वीकारताना आपण शिल्लक वर्षांतली दोन खर्च करतो आहोत, हे ध्यानात ठेवावे लागते. युरोपातल्या मारी क्युरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) शिष्यवृत्तीसाठी यजमान देशात आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य नसण्याची अट ठेवलेली असते. ज्या देशात पुढे ती शिष्यवृत्ती घेऊन जायचे आहे तिथे घाईने छोटी नोकरी पत्करली तर पात्रता जाऊ शकते. वयाची किंवा पीएचडीपासूनच्या वर्षांची अट असलेल्या प्रत्येक अनुदानाची शेवटची तारीख एका कागदावर मांडून, दोन्ही नोकऱ्यांत त्या तारखांपर्यंत आपण कुठे असू, ते पाहावे.

अनुदान कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तर थेट पैशाचा आहे. युरोपियन रिसर्च कौन्सिलचे अनुदान प्रमुख संशोधकाला दुसऱ्या यजमान संस्थेत नेता येते. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे अनुदान सामान्यतः संस्थेला दिलेले असते, आणि ते हलवायचे तर मूळ संस्थेने ते लेखी सोडावे लागते. एका ठिकाणी निर्णय बव्हंशी संशोधकाचा, दुसऱ्या ठिकाणी संस्थेच्या संमतीचा. आपले अनुदान कोणत्या प्रकारात मोडते ते देणाऱ्या संस्थेच्या नियमावलीत वाचावे, सहकाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. परदेशात काम करणाऱ्यांनी निवासाचा परवाना सध्याच्या नोकरीला बांधलेला आहे का, आणि असल्यास दोन नोकऱ्यांमध्ये किती दिवसांचे अंतर चालते, हे राजीनाम्याआधी पाहावे, कारण ही चूक नंतर सहसा दुरुस्त होत नाही.

बरोबर काय येते, मागे काय राहते

गणित, इतिहास किंवा साहित्य यांसारख्या विषयांत काम करणारा आपली कागदपत्रे आणि संगणक घेऊन जाऊ शकतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचे तसे नाही. संस्थेच्या पैशाने घेतलेले उपकरण बहुधा संस्थेचेच राहते. नव्या जागी जागा तयार होणे, खरेदी, जोडणी आणि चाचणी यांत एक वर्ष सहज जाते. माणसांवर किंवा प्राण्यांवर होणाऱ्या संशोधनाला नैतिकता समितीची नवी परवानगी घ्यावी लागते, आणि सहभागींनी आधी दिलेली संमती नव्या संस्थेत त्यांची माहिती वापरायला पुरते का, हेही तपासावे लागते. अशा संशोधकाने स्थलांतराचा अर्थ ‘एक वर्ष नवे निकाल नाहीत’ असा धरूनच हिशेब करावा आणि ती पोकळी भरून काढायला हातात किती अर्धवट शोधनिबंध आहेत ते मोजावे. दोन-तीन लेख लिहून पूर्ण करण्याच्या टप्प्यावर असताना निघणे, एक मोठा प्रयोग नुकताच सुरू केलेला असताना निघण्यापेक्षा पुष्कळ सोपे जाते.

संशोधन विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करणारा विद्यार्थी बरोबर येऊ शकेल का, तिथल्या नियमांत त्याची नोंदणी बसेल का, तो येऊ इच्छित नसेल तर इथे त्याला सहमार्गदर्शक कोण देईल, याची उत्तरे आपल्या होकाराच्या आधी मिळवावीत. शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यासाठी एक सत्र उशिरा रुजू होण्याची परवानगी मागितली तर नवी संस्था बहुधा ती समजून घेते, आणि समजून घेत नसेल तर ती विद्यार्थ्यांना कसे वागवते याचा अंदाज तिथेच येतो.

नव्या जागेची चौकशी

मुलाखतीच्या दिवशी प्रत्येक विभाग आपली चांगली बाजू दाखवतो. खरी माहिती कनिष्ठ सहकाऱ्यांकडून मिळते, तीही एकेकट्याने बोलल्यावर. त्यांना ‘इथे कसे वाटते’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘गेल्या सत्रात सत्र चालू असताना तुम्हाला लिहायला कधी वेळ मिळाला’, ‘रुजू होताना जे कबूल केले होते त्यांतले काय उशिरा मिळाले’, ‘पदोन्नतीचे निकष लेखी आहेत का आणि मध्यंतरी बदलले का’ असे विचारावे. गेल्या काही वर्षांत त्या विभागातून किती तरुण सोडून गेले आणि किती कायम झाले, हे विभागाच्या जुन्या-नव्या याद्या ताडून स्वतःच काढता येते. सोडून गेलेल्यांपैकी एकाशी तरी बोलावे. त्याचे सांगणे एकांगी असेल, पण ते विभागप्रमुखांच्या सांगण्याइतकेच एकांगी असेल, आणि दोन्ही मिळून चित्र पुरे होते.

होकार देण्याआधीचे काही दिवस हाच असा काळ असतो की ज्यात तरुण उमेदवाराच्या हातात वाटाघाटीचे थोडे बळ असते. पहिल्या वर्षी कोणते विषय शिकवायचे, पहिल्या सत्रात भार कमी मिळेल का, संशोधन सुरू करण्यासाठी निधी किती आणि तो किती काळात खर्च करायचा, खोली किंवा प्रयोगशाळा कोणत्या तारखेला ताब्यात मिळेल, या गोष्टी नेमणूकपत्रात किंवा निदान अधिकृत ईमेलमध्ये याव्यात. तोंडी आश्वासन देणारा माणूस प्रामाणिक असला तरी दोन वर्षांनी विभागप्रमुख दुसराच असतो.

हातात आलेली ऑफर सध्याच्या संस्थेला दाखवून सवलती मिळवण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते. मागितलेली गोष्ट नाकारली गेली तर खरोखर जाण्याची तयारी असेल तरच हा मार्ग धरावा. नुसता दबाव म्हणून तो वापरला आणि मग राहावे लागले, तर सहकाऱ्यांचा विश्वास कमी होतो, आणि पुढची दहा वर्षे त्याच लोकांमध्ये काढायची असतात.

जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, वृद्ध आईवडिलांपासूनचे अंतर, या गोष्टी हिशेबाच्या शेवटच्या ओळीत टाकण्याची सवय संशोधकांना असते. त्या पहिल्या ओळीत असाव्यात. जोडीदारही याच क्षेत्रात असेल तर दुसऱ्या नेमणुकीची शक्यता ऑफर आल्यावर, पण होकाराच्या आधी, मोकळेपणाने विचारावी. शिक्षणक्षेत्राच्या बाहेर जाण्याचा पर्यायही याच तराजूत ठेवावा. संगणकशास्त्रासारख्या विषयांत उद्योगातून परत येण्याची वाट तुलनेने मोकळी असते, मानव्यविद्यांच्या बऱ्याच शाखांत ती अरुंद आहे; आपल्या शाखेत गेल्या काही वर्षांत कोण परत आले, ते नावानिशी शोधावे.

निर्णयाची वेळ

सर्व माहिती जमल्यावर दोन्ही ठिकाणांसाठी एकेक पान लिहावे. पुढचे दोन शोधनिबंध कोणते असतील, ते आठवड्याच्या कोणत्या तासांत लिहिले जातील, लागणारी सामग्री किंवा ग्रंथालय कुठे मिळेल, आणि पहिला कच्चा मसुदा कोण वाचेल. शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ज्या ठिकाणी आपला अपुरा, ओबडधोबड मसुदा विश्वासाने दाखवावा असा एक तरी माणूस आहे, तिथे तरुण संशोधकाची वाढ होते, आणि ही गोष्ट कोणत्याही क्रमवारीत दिसत नाही. एका पानावर ही उत्तरे सहज लिहिता आली आणि दुसऱ्यावर अडखळावे लागले, तर बराचसा निर्णय झालेला असतो.

आतापर्यंत इथे घातलेल्या वर्षांचे काय, हा विचार मनाला मागे ओढतो. परत न मिळणाऱ्या खर्चाचा पुढच्या निवडीवर कसा परिणाम होतो, हे मानसशास्त्रज्ञ हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली प्रयोगांतून दाखवले: माणसे आधी पैसा किंवा श्रम गेले म्हणून तीच वाट धरून ठेवतात. गेलेली वर्षे दोन्ही पर्यायांत सारखीच गेलेली आहेत. इथे मिळवलेल्यापैकी पुढे उपयोगी पडणारे काय आहे, म्हणजे तयार झालेले विषय, कायम होण्याची जवळ आलेली तारीख, जमलेला गट, एवढेच मोजावे.

इतके करूनही पारडी समान राहिली तर काय करावे? अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी मोठ्या निर्णयांबाबत द्विधा असलेल्या लोकांना संकेतस्थळावर नाणेफेक करायला सांगितली. त्यात २० हजारांहून अधिक नाणेफेकी झाल्या आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नाण्याने बदल सुचवलेल्यांनी बदल अधिक प्रमाणात केले, आणि महत्त्वाच्या निर्णयात ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनंतर, न बदलणाऱ्यांपेक्षा, अधिक समाधानी असल्याचे त्यांनी सांगितले. हे लोक स्वतःहून आलेले होते आणि ते विशेषतः संशोधक नव्हते, त्यामुळे त्यावरून नियम काढू नये. तरी खऱ्या अर्थाने समान पारड्यांत माणसे बदलाला जरा जास्तच घाबरतात, एवढा इशारा त्यातून घेता येतो.

जायचे ठरले तर नेमणूकपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत राजीनामा देऊ नये, आणि तो देताना सूचना कालावधी सत्राच्या शेवटाशी जुळवावा. संस्थेचा ईमेल बंद होण्याआधी छपाईत असलेल्या प्रत्येक लेखावरचा पत्ता आणि ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या ओळखक्रमांकाला जोडलेला ईमेल बदलून घ्यावा.

राहायचे ठरले तर हा प्रश्न पुन्हा कधी उघडायचा ती तारीख, उदाहरणार्थ परिवीक्षा संपल्यानंतरचे पहिले सत्र, ठरवून घ्यावी आणि तोपर्यंत जागांच्या जाहिराती पाहणे बंद ठेवावे. ज्यांनी ऑफर दिली त्यांना नकार त्याच आठवड्यात कळवावा, कारण यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला तरुण उमेदवार त्यांच्या उत्तराची वाट पाहत असतो आणि त्याच्याही कराराची मुदत संपत आलेली असू शकते.